माझं कडक इंग्रजी

हे मी आजवर कुणापाशीही बोललेलो नाही. बायको तीन वर्षांपूर्वी गेली — तिलासुद्धा नाही, आणि तिच्यापासून मी चोरून खाल्लेलं आइस्क्रीमही कधी लपवू शकलो नव्हतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. घरात दुसरं ऐकायला कुणी नाही, हेही आहेच.

माझं इंग्रजी कडक आहे, असं लोक म्हणतात. इथे टेक्सासमधल्या प्लेनोत नोकरीत असताना तीस वर्षं मी सप्लायर लोकांना तक्रारीची पत्रं लिहिली. माल उशिरा आला की नुसतं 'लेट' लिहून भागत नाही, 'अनॲक्सेप्टेबली लेट' लिहावं लागतं — हे मी लवकर शिकलो. अटरली, ग्रॉसली, ॲब्सोल्यूटली. असे शब्द पदरी बाळगून रिटायर झालो आणि मराठी मंडळाच्या कमिटीत शिरलो. इथल्या मंडळांची गंमत माहीत आहे ना? समोरासमोर मराठीत साखरपेरणी, आणि भांडणं सगळी इंग्रजी ईमेलमधून. माझा भाव वधारला.

सुमनताई माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. मुलाकडे राहायच्या. मुलगा-सून दिवसभर कामावर, ताईंना ड्रायव्हिंग येत नाही, आणि प्लेनोत गाडी नसलेला माणूस म्हणजे घरात बसलेला माणूस. गणपतीच्या महाप्रसादाला अळूची भाजी मात्र त्यांचीच. अळूसुद्धा बॅकयार्डातल्या कुंड्यांत वाढवलेलं. त्या एका दिवशी त्या वर्षभराचं बोलून घ्यायच्या.

त्या वर्षी — सांगतोच आता — मठ्ठा माझ्याकडे होता. सकाळी दोन मोठे डबे डिकीत ठेवले आणि हॉलवर माइक लावण्याच्या गडबडीत विसरलो. टेक्सासमधला सप्टेंबर, बंद गाडी, चार तास. झाकण काढलं तेव्हा वास येत होता. मला तो आला होता. मग मी काय केलं? आलं, मीठ, मूठभर कोथिंबीर घातली, वर बर्फ टाकला, आणि डबे जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेवले. स्वतः प्यायलो नाही.

संध्याकाळपासून फोन सुरू झाले. पोटं बिघडली होती, आणि चार वर्षांच्या एका मुलीला हॉस्पिटलमध्ये सलाइन लावावं लागलं. कमिटी बसली. संशय भाजीवर गेला, कारण ती आदल्या दिवशी घरी केलेली. मठ्ठ्याचं नाव कुणी काढलं नाही. मी काढू शकलो असतो — नाही काढलं. अध्यक्ष म्हणाले, सगळ्यांना ईमेल जाऊ दे, आणि जरा कडक लिहा.

मराठीत लिहायचं असतं तर? 'अत्यंत गलिच्छ' हे शब्द ताईंबद्दल माझ्या हातून उमटले असते का? इंग्रजीत काही वाटलं नाही. उलट — लाज वाटते, पण खरं आहे — मजा आली. 'अटरली केअरलेस.' 'ग्रॉसली अनहायजिनिक.' जितका शब्द जहाल, तितका माझा मठ्ठा लांब जात होता. नाव घातलं नाही, 'भाजी करणारी व्यक्ती' एवढंच लिहिलं. भाजी कुणाची, हे पोराटोरांनाही माहीत होतं. खाली सही मंडळाची.

तिसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता.

"मोहनराव, तुमचं इंग्रजी चांगलं, म्हणून विचारते. ग्रॉसली म्हणजे नक्की किती हो?"

मी म्हणालो, "थोडंसं म्हणतो ना आपण, तसंच. इंग्रजीत लिहायची पद्धत असते, ताई. मनावर घेऊ नका."

त्या म्हणाल्या, "नाही, नात वाचून दाखवत होती. तिथे थांबली आणि पुढचं वाचेनाच. म्हणून विचारलं."

ईमेल कुणी लिहिली, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं का? की खरंच मला भला माणूस समजून फोन केला होता? या दोनपैकी कुठलं जास्त वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर त्या मंडळात आल्या नाहीत. भाजी आता केटररकडून येते. मुलगा एकदा दुकानात भेटला, म्हणाला, आई स्वयंपाकाला हातच लावत नाही, खोलीतच असते. मी मान हलवली आणि पुढे गेलो. आता मीही दिवसचे दिवस कुणाशी न बोलता काढतो, तेव्हा खोलीत बसणं म्हणजे काय ते कळतं. त्यांचं घर माझ्या घरापासून गाडीने आठ मिनिटांवर आहे. माझ्याकडे गाडी आहे, वेळ आहे. पाच वर्षांत मी गेलेलो नाही.

आणि भाजीत काही नव्हतं. मला ते ईमेल लिहितानाच ठाऊक होतं — मी ती दोनदा वाढून घेतली होती, आणि मला काहीही झालं नव्हतं.