बाल्कनीचे फुकट पास

पंधरा वर्षांपूर्वी, गणपतीच्या आदल्या रविवारी, बंद पडू घातलेलं थिएटर वाचवायला समिती काढून, वर्गणीचे साडेपाच हजार जमवून आम्ही पाच जण पनवेलच्या जुन्या थिएटरच्या मालकांकडे गेलो. काल मॉलमध्ये करपलेल्या पॉपकॉर्नचा तिथल्यासारखाच वास आला आणि ते सगळं आठवलं.

"थिएटर ही गावाची शान आहे, बंद करू नका," आमचे अध्यक्ष, वकीलसाहेब, गरजले.

मालक उठलेही नाहीत. "साहेब, खिशातला पास काढा."

बाल्कनीचा फुकट पास निघाला. आम्हा चौघांकडेही होते.

"प्रतिष्ठित म्हणून वर्षानुवर्षं फुकट बसवलं. आज तीनच्या खेळाची तिकिटं काढा, मग बोलू."

"हा अपमान आहे!" म्हणत वकीलसाहेब जिना उतरले, मागोमाग आम्ही.

तेव्हा मालकच उद्धट वाटले होते. थिएटर दिवाळीआधी बंद पडलं. वर्गणी सगळी बॅनरवाल्याला गेली. बॅनरवर थिएटर कोपऱ्यात होतं, मधोमध वकीलसाहेब हात जोडून उभे.