नवव्या हाताखालची ओल

रंगारीकाकांनी त्या भाड्याच्या खोलीची एकच भिंत नऊ वर्षांत आठ वेळा रंगवली होती. गच्चीवरची भेग बुजवायला मालकाला सवड नसे. भाडेकरू बदलला की ओल झाकायला मात्र काका ताबडतोब हवे असत. भाडेकरू पावसाळाभर खोकत आणि मालक म्हणे, "ओले कपडे घरात वाळवता, मग भिंत तरी काय करणार?" भिंतीची इतकी कड घेणारा माणूस काकांनी दुसरा पाहिला नव्हता.

आज एक जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन खोली बघायला येणार होतं, म्हणून काका त्याच भिंतीवर रंगाचा नववा हात मारत होते.

"पाळणा इथेच लावा म्हणतो त्यांना," मालक म्हणाला. "भिंत कशी गार असते!"

काकांचं डोकं सणकलं. त्यांनी ब्रश खाली ठेवला, खरवडायची पट्टी उचलली आणि फुगलेल्या रंगाचे पोपडे धडाधड पाडले. आत बुरशीनं काळीठिक्कर पडलेली भिंत.

"अहो काका, वेड लागलंय का? ते जिना चढतायत!"

"चढू द्या की."

दारात बाईनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. "एवढी ओल येते कुठून?"

मालक खिडकीबाहेर बघू लागला.

"गच्चीतून," काका म्हणाले. "आणि इतकी वर्षं ती झाकणारा मी."