गप्प बसण्याची तालीम

चाळीस वर्षं मी तोंडावर पोट भरलं. अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या आमच्या गावात दर बुधवारी गुरांचा लिलाव भरतो, तिथं बोली पुकारणारा गेलन तो मीच. एका श्वासात तीन बैल विकायचो. आता वय सहासष्ट. बैल गेले, तोंड तेवढं राहिलं. माझी बायको नडीन सगळ्यांना सांगते, हा झोपेतसुद्धा उशीचा लिलाव करतो.

यंदा शेजारच्या कोठारातून कुणीतरी लाकूड कापायचं मशीन उचलून नेलं आणि माझ्या अंगात वारं शिरलं. पिस्तूल घेतलं, कमरेला लावलं आणि घरात असा हिंडू लागलो, जणू अख्ख्या जिल्ह्यातले चोर माझ्याच दारात रांग लावून उभे आहेत.

"चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतोस," नडीन म्हणाली, "तुला चोर दिसणार कुठून?"

बाजारातल्या हॉटेलात मंडळींनी आणखी भर घातली. "पिस्तूल घेतलंस रे, पण विमा? चोराला गोळी लागली तर तू खरा की खोटा ते कोर्ट ठरवणार. वकिलापायी शेत जाईल तुझं!"

झालं. गोळी झाडल्यावर वकिलाचा खर्च देणारा विमा विकणाऱ्या तीन कंपन्यांची पत्रकं मी मागवली आणि पंधरा दिवस जेवणाच्या टेबलावर पसरून बसलो. एक म्हणे, वकील तुमच्या पसंतीचा, पण पैसे खटला जिंकल्यावर. दुसरी म्हणे, पैसे आधी देऊ, पण हरलात तर परत घेऊ. तिसरीत सगळंच होतं, फक्त इतक्या बारीक अक्षरांत की मला वाचता येईना. दात बघून गाईचं वय सांगणारा मी, इथं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं तेच कळेना. शेवटी दुसरी पक्की केली. का म्हणाल, तर तिचं कार्ड देखणं होतं.

या सगळ्याची सगळ्यात जास्त टिंगल केली ती लॉनीनं. लॉनी माझा धाकटा भाऊ, रस्त्यापलीकडे राहतो. लाकडाच्या गिरणीत तीस वर्षं काढली, त्यात कान गेले. रोज दुपारी चारला मागच्या दारानं यायचं आणि सरळ फ्रिज उघडायचा, हा त्याचा नेम. दार वाजवायची भानगड नाही, कारण आतून 'ये' म्हटलेलं त्याला ऐकूच येत नाही. अलीकडे मात्र पठ्ठ्या पुढच्या दाराशी येऊन बेल वाजवू लागला होता.

"काय रे, पाहुणा झालास की मतं मागायला आलास?" मी ओरडायचो. तो नुसता हसायचा आणि पाय पुसून आत यायचा.

तर विम्याच्या त्या कार्डावर, गोळी झाडल्यावर पोलिसांना काय सांगायचं ते छापलं होतं. 'माझा वकील येईपर्यंत मी बोलणार नाही.' एवढंच, पुढं चकार शब्द नाही. कंपनीच्या फोनवरच्या बाईंनीही बजावलं, "जास्त बोलाल ते तुमच्यावरच उलटेल, सर. जमेल ना?"

"न जमायला काय झालं!" मी म्हणालो, आणि माझ्या लग्नापासून सुरुवात करून पाऊण तास त्यांना सोडलं नाही.

मग नडीननं माझी तालीम घ्यायचं ठरवलं. रविवारी चर्चहून आल्यावर तिनं माझी हॅट घातली, कमरेला लाटणं खोचलं आणि शेरीफ होऊन समोर बसली.

"गोळी कुणी झाडली?"

"माझा वकील येईपर्यंत मी बोलणार नाही."

"बरं. टेबलावरचा केक छान दिसतोय, कुणी केला?"

"बायकोनं. पण साखर कमी पडलीय, मी तिला आधीच सांगत होतो..."

"गेला जन्मठेपेला!" नडीननं टाळ्या पिटल्या.

दुसऱ्यांदा तिनं फक्त हवापाण्याचं विचारलं, तर मी तीस वर्षांपूर्वीच्या पुरात जाऊन पोचलो. तिसऱ्यांदा मात्र दातांवर दात दाबून बसलो. तिनं हॅट जरा मागं सारली आणि अगदी मायेनं विचारलं, "फार घाबरलात का हो?"

"घाबरणार नाही तर काय!" माझं तोंड सुटलं. "खुर्चीत डुलकी लागली होती. मागचं दार करकरलं. कोण आहे म्हणून तीनदा ओरडलो, उत्तर नाही. बघतो तर कुणीतरी पाठमोरा, डोक्यावर जाकिटाची टोपी, फ्रिजमध्ये वाकलेला. पिस्तूल त्याच्या पाठीवर रोखलं, बोट चापावर. आणि मग त्यानं केक बाहेर काढला, तेव्हा कळलं की..."

नडीननं हॅट काढून टेबलावर ठेवली.

"गेलन, हे कधी झालं?"

"अकरा दिवस झाले."

जन्मात एक गोष्ट पोटात ठेवली होती, ती अकरा दिवस टिकली. नडीननं चष्मा लावला, पॉलिसी ओढली आणि पंधरा दिवसांत मला न दिसलेली ओळ मिनिटात काढून वाचली. सख्ख्या नातेवाइकाला गोळी लागली तर विमा लागू नाही. मग तिनं तो कागद माझ्यापुढं सरकवला. शरमेनं मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"लॉनीला सांगितलंस?"

"नाही."

"आज सांगशील."

चारला बेल वाजली. लॉनी बसला, केक घेतला. मी हळूच म्हणालो, "लॉनी, त्या दिवशी मी तुझ्यावर पिस्तूल रोखलं होतं."

"काय?"

पुन्हा म्हणालो.

"अरे, मोठ्यानं बोल की! एरवी गाव डोक्यावर घेतोस!"

अखेर लिलावातला आवाज काढावा लागला. "मी तुझ्या पाठीवर पिस्तूल रोखलं होतं!" शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकायला लागला.

लॉनीनं तोंडातला घास गिळला. "ठाऊक आहे. मायक्रोवेव्हच्या काळ्या काचेत दिसलास मला."

"मग वळला का नाहीस, गाढवा?"

"वळलो असतो तर तू दचकला असतास. लहानपणापासून दचकतोस तू. म्हणून तसाच उभा राहून केक कापत बसलो. नजर काचेवर होती, तुकडा अंमळ मोठाच आला."

मला रडूच फुटलं. सहासष्ट वर्षांचा घोडा, भावासमोर हुंदके देत बसलो. त्यानं माझी पाठ थोपटली, आणि दुसरा तुकडा उचलला.

पिस्तूल तिजोरीत गेलं, किल्ली नडीनकडे. दुसऱ्या दिवशी चारच्या आधीच मी मागचं दार सताड उघडलं, केक मांडला आणि दोन्ही हात टेबलावर दिसतील असे ठेवून बसलो.

बेल पुढच्या दाराची वाजली.