दंडावरची हिरवी फुली

भुताखेताचं मला कधीच खरं वाटलं नाही. यवतमाळकडे आमची शाळा मसणवट्याच्या मागे होती. शाळा आठवीत सोडली, पण भीतीने नाही… तरी हे वाचून हसाल, माहीत आहे.

मी वाघोलीला गोदामात पॅकिंगला आहे. उजवी करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं, खोकी हातातून सुटायला लागली. सुपरवायझर म्हणाले, नाटकं आहेत, रिपोर्टमध्ये काही निघालं नाही तर सरळ गावी जा. म्हणून नसांची टेस्ट. नसेवर बारीक शॉक देतात आणि करंट बोटापर्यंत नीट पोचतो का, ते स्क्रीनवर बघतात.

तेल लावून येऊ नका असं सांगितलं होतं. सकाळी साबणाने हात पार काखेपर्यंत घासला. हातावर काही नव्हतं, शपथेवर सांगतो.

सेंटरमध्ये शर्ट काढला. टेस्टवाल्या मॅडम हाताकडे बघून म्हणाल्या, "आधी दुसरीकडे टेस्ट करून आलात, मग आमच्याकडे कशाला?"

मनगटावर एक, कोपराच्या खाली एक, वर एक — पेनाच्या हिरव्या फुल्या! शॉक द्यायच्या जागी त्याही अशाच फुल्या मारतात म्हणे. टेप लावून मोजलं, जागा बरोबर. चौथी फुली मात्र दंडाच्या आतल्या बाजूला, काखेजवळ.

मला वाटलं, यांचाच काही डाव असेल. पण त्यांनी हात लावलाच नव्हता, आणि त्यांचं पेन निळं होतं.

तीन फुल्यांवर शॉक दिले. सगळं नॉर्मल. माझे डोळेच भरले… आता गावी. मॅडम मात्र त्या चौथ्या फुलीकडे बघत राहिल्या.

"इथे आम्ही सहसा करत नाही. पण काढणाऱ्याला हौस होती, तर बघू."

स्क्रीनवरची लाट एवढीशीच उठली, म्हणजे करंट वाटेत अडत होता. त्यांनी पुन्हा दिला, पुन्हा तेच. मग त्या टोमणे मारायच्या थांबल्या आणि सोनोग्राफी लिहून दिली.

त्यात दिसलं, तिसऱ्या आणि चौथ्या फुलीच्या मध्ये, आत गाठ होती, नस दाबत होती. ऑपरेशन झालं. नोकरी राहिली.

रूमवर गाववाल्या सचिनला विचारलं. "मी कायले काढू बे? मले तं नस कुठून जाते तेबी मालूम नाही." तो आंघोळीला गेल्यावर त्याची बॅग तपासली. हिरवं पेन नव्हतं.

हे त्याच बोटांनी टाइप केलंय. आभार मानायचेत, पण कोणाचे? रोज आंघोळीनंतर आरशासमोर अंग तपासतो. फुली नसली की बरं वाटतं… आणि मग वाटतं, आता आपल्याकडे कोणी बघत नाही का?