नेटवर अजून पंगत वाढणारे अण्णा

अण्णांना जाऊन आज वर्ष झालं. नेटवर मात्र ते अजून लोकांना फुकट जेवायला वाढतायत.

खोटं वाटत असेल तर सर्च करा. वेल्ह्याकडच्या आमच्या गडाचं नाव टाका आणि पुढं ‘मुक्काम’ टाका. पहिलाच रिझल्ट माझे वडील.

ते पान पुण्याच्या एका इंजिनिअरनं बनवलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. गड उतरताना त्याचा पाय मुरगळला. अण्णांनी त्याला घरी ठेवून घेतलं, हळदीचा लेप लावला, बरं वाटल्यावर एसटीत बसवून दिलं.

साहेबांना उपकार फेडायचे होते. म्हणून फुकटातली वेबसाइट काढली. हिरवं बॅकग्राउंड, लुकलुकणारी अक्षरं, कोपऱ्यात फडकणारा झेंडा.

आणि खाली इंग्रजीत : देवळाशेजारी निळ्या दाराचं घर, किसनमामा. राहणं-जेवण फ्री. मामा कुणालाच नाही म्हणत नाहीत.

हे लिहिताना अण्णांना विचारलं नाही. भाकरी थापणाऱ्या आईला तर नाहीच नाही.

मग दर शनिवार-रविवारी लोक यायला लागले. हातात प्रिंटआउट. ओळख ना पाळख, थेट ‘मामा’. ओसरीवर चिखलाचे बूट, दोरीवर ओले मोजे, आणि जेवल्यावर ताट जिथल्या तिथं.

बाकीच्या हुशारांनी तेच पान उचलून आपापल्या साइटवर चिकटवलं. त्यातल्या निम्म्यांनी गडाची पायरीही बघितली नसेल. पण निळं दार सगळ्यांना पाठ.

वर अभिप्राय. भाकरी जरा कडक होती. संडास लांब आहे.

एका महाशयांनी लिहिलं, ‘मामी थोड्या रागीट वाटल्या.’ त्या दिवशी आईच्या अंगात ताप होता आणि ती चुलीपुढून उठली नव्हती. फुकट गिळून वर तिच्या चेहऱ्याला मार्क देणाऱ्या या माणसाला मी आजही माफ केलेलं नाही.

मी तेव्हा भोरला मावशीकडं राहून कॉलेज करत होते. ते पान मी पहिल्यांदा तिथल्या सायबर कॅफेत बघितलं. सुट्टीत घरी जाऊन अण्णांना सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील आणि दार लावून घेतील.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हंजी आपल्या नावानं आवतण ग्येलंय.”

मी म्हटलं, तुम्ही कुठं दिलंत? त्या माणसानं परस्पर लिहिलंय.

“लिवलं कुणी का आसंना. नाव माजं हाय ना? आवतण दिल्यालं मानूस दारातनं माघारी धाडायचं म्हंजी लई वंगाळ.”

झालं. आमच्याकडं जेवायचं आवतण म्हणजे आवतण. ते मोडायचं नसतं. कुठल्यातरी कॉम्प्युटरवर कुणीतरी टाकलेली ओळ माझ्या बापानं दिलेल्या शब्दासारखी पाळली. पुढं गावात दोघातिघांनी खानावळीच्या पाट्या लावल्या. अण्णांनी नाही लावली. आवतणाला कुठं पाटी असते, म्हणाले.

आईचे गुडघे त्यातच गेले.

शेवटी मीच त्या इंजिनिअरला ईमेल केला. आई आजारी असते, कृपा करून ते पान काढा. महिन्यानं उत्तर आलं, अमेरिकेतून. मामांना नमस्कार सांगा, त्यांच्या हातचा चहा अजून आठवतो. पासवर्ड हरवलाय, त्यामुळं पान काढता येत नाही. पण एनीवे, तुमच्या गावाची पब्लिसिटी होतेय ना.

पासवर्ड हरवलाय म्हणे! आमच्या घराचं दार उघडं टाकून हा गृहस्थ तिकडं जाऊन बसला.

कॉपी करणाऱ्यांनाही लिहिलं. एकानं मलाच विचारलं, तुम्ही कोण? पहिल्या रिझल्टमध्ये तर असं काही लिहिलेलं नाही.

मी त्याच घरात जन्मले होते. पण रिझल्टमध्ये नव्हते.

गेल्या वर्षी अण्णा गेले, तो रविवार होता. माणसं नुकतीच स्मशानातून परतली होती. आमची चूल बंद. शेजारच्या काकूंनी आमच्यासाठी पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. आमच्याकडं तिला कडू घास म्हणतात.

तेवढ्यात दारात पाच जण, पाठीवर सॅक. “किसनमामा हेच ना?”

भावानं सांगितलं, ते आजच गेले. पाचही जण ओशाळले, सॉरी म्हणाले. आणि मग त्यातल्या एकानं हळूच विचारलं, जवळपास जेवायची दुसरी काही सोय होईल का?

मी त्यांना हाकलायला उठले. आईनं माझा हात धरला.

“त्येंच्या नावावर आल्यात. आजच्या दिशी तरी उपाशी नगं धाडू.”

आणि आमचा कडू घास तिनं त्या पाच जणांना वाढला. ते जेवले. आईनं त्या दिवशी पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

आठवड्यानं त्यांच्यातल्या एकानं नेटवर लिहिलं : ‘मामा एक्सपायर्ड. पण मामींच्या हातची चव तीच. मस्ट व्हिजिट.’

हे वाचून मी खूप रडले. त्याहून जास्त शिव्या दिल्या, त्या इथं लिहीत नाही.

म्हणून ही पोस्ट फक्त मित्रांसाठी नाही, सगळ्यांना दिसेल अशी ठेवलीय. सायबरवाले रशीदभाई सांगायचे, ज्या पानाकडं जास्त लोक बोट दाखवतात ते वर येतं, खरं-खोटं कुणी बघत नाही. तेव्हा कमेंटमध्ये आरआयपी टाकून मोकळे होऊ नका. ही लिंक द्या, जमेल तिथं द्या.

गडाचा मुक्काम शोधत कुणी इथं पोचला असाल तर नीट वाचा. किसनमामा वारले. निळ्या दाराला कुलूप आहे. मामी आता लेकीकडं भोरला असतात आणि सकाळी उठून फक्त स्वतःचा चहा करतात.

अण्णा, तुमच्या नावावर आलेल्यांना मी माघारी धाडतेय. तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे. पण आईला आता बसू दे.

तुम्हीही निवांत राहा. नमस्कार करते.