शेवटच्या गाण्यातलं जनावर

मामा गाद्या करायचे. सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणायची, कारण त्यांची एकुलती एक भाची लहानपणी दुकानाच्या पायरीवरून त्याच नावाने हाका मारायची आणि गल्लीने ते नाव उचललं ते उचललंच. दुकान लांबट होतं. पुढे काचेमागे फोमच्या तयार गाद्या, ज्यांना मामा मनातून नाक मुरडत. मागे कापसाच्या, हाताने टाके घातलेल्या, ज्यांच्यावर त्यांचा जीव. गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "चप्पल काढा आणि झोपा." भरदिवसा परक्या दुकानात आडवं व्हायला माणूस लाजतो. मग मामा स्वतःच शेजारच्या गादीवर आडवे होत, इकडच्या तिकडच्या गप्पा मारत, आणि समोरचा कोणत्या कुशीवर वळतो ते बघून त्याच्या गादीत कापूस कुठे जास्त भरायचा ते ठरवत.

कामात हात चोख, पण बोलण्यात मामा थोडे सैल होते. स्वतःच्या झोपेबद्दल तर फारच. "मी पडलो की गेलो," ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. "तान्ह्या बाळासारखा. श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही." हे चालू असताना मामी काउंटरमागे बसून उशांचे अभ्रे शिवत आणि नेमक्या त्याच वेळी त्यांना सुईत दोरा ओवायचा असे.

खरी गोष्ट अशी, की त्या घरात कोणीतरी घोरत होतं. मामा म्हणत, मामी घोरते. मामी म्हणत, मी नाही, हेच घोरतात. लग्न झाल्यापासूनचा हा वाद. बरीच वर्षं त्याची दोघांनाही गंमतच वाटायची. मग एकदा मामांनी आलेल्या पाहुण्यांसमोर मामींच्या घोरण्याची नक्कल करून दाखवली. अगदी रंगून, हातवारे करून. पाहुणे पोट धरून हसले. त्या रात्री झोपायच्या वेळी मामी उशी काखेत मारून आतल्या खोलीत गेल्या आणि तिकडच्याच झाल्या.

याला वर्ष उलटून गेलं होतं. दिवसा सगळं सुरळीत. चहा वेळेवर, बोलणं नेहमीचं, दुकानात दोघं बरोबर. फक्त उशी परत आली नाही. जगाला झोप विकणाऱ्या मामांचा डोळाच लागेना. पलंगाची रिकामी बाजू त्यांना खायला उठायची. त्यांना मामी परत हव्या होत्या, अगदी मनापासून हव्या होत्या. पण 'मी घोरतो' एवढे दोन शब्द म्हणायला जीभ रेटेना, कारण त्यांच्या मते ते साफ खोटं होतं.

अशात भाची एक दिवस दुकानात आली, मागच्या गाद्यांच्या ढिगात जाऊन उभी राहिली आणि तिने एक टाळी वाजवली. टाळी तिथल्या तिथे विरली. पुन्हा वाजवली. पुन्हा तेच.

"मामा," ती म्हणाली, "आम्हाला तुझं दुकान दे. सुट्टीच्या दिवशी. अल्बम करायचाय. इथे आवाज घुमतही नाही आणि बाहेरही जात नाही."

भाची औषधांच्या दुकानात नोकरीला होती. "ही जेवणानंतर घ्या हं," असं इतक्या मऊ आवाजात सांगायची, की म्हातारी माणसं मुद्दाम तिच्याच खिडकीशी थांबत. आणि हीच मुलगी एका मेटल, म्हणजे कर्कश गिटार आणि धडधडत्या ड्रमच्या, बँडमध्ये गायची. गायची म्हणजे काय, बेंबीच्या देठापासून असा काही आवाज काढायची, की ऐकणाऱ्याला विहिरीत कोणी अडकलंय की काय असं वाटावं. त्यातही हे सगळ्यात जहाल मेटल. साध्या मेटलवाल्यांनीसुद्धा कानावर हात ठेवावेत असं. जिथे जिथे त्यांनी सराव केला होता तिथून तिथून शेजाऱ्यांनी त्यांना हुसकावलं होतं.

"कापसाजवळ कोणी सिगरेट ओढायची नाही," मामा म्हणाले. "आणि मी इथेच बसणार."

झालं. सुट्टीच्या दिवशी दुपारी शटर अर्धं खाली ओढून काम सुरू झालं. दोन गिटारवाले, एक ड्रमवाला, भाची, आणि रेकॉर्डिंग करणारा एक दाढीवाला, जो कानाला सतत काहीतरी लावून बसलेला असे. त्यांनी गाद्या उभ्या करून ड्रमभोवती खोली बांधली. लोड दाराशी लावले. मामांना सुरुवातीला प्रत्येक ठोक्याला आपल्या बरगड्या मोजल्यासारख्या वाटल्या. भाचीने तोंड उघडलं तेव्हा तर ते उठून पाणी घेऊन धावले. पण दोन-तीन सुट्ट्यांनी कान सरावले. कोणतं गाणं वेगात पळतं, कोणतं रांगतं, हे त्यांना कळू लागलं. एकदा त्यांनी ड्रमवाल्याला मधेच थांबवून त्याच्या बुडाखाली घट्ट भरलेली नवी उशी दिली, आणि त्यानंतर तो म्हणे जास्त वेळ टिकू लागला. मामांची छाती तेवढ्याने फुगली.

शेवटच्या दिवशी सगळी गाणी झाल्यावर दाढीवाल्याने हात वर केला. "आता कोणी हलू नका, बोलू नका. खोली गप्प असताना कसा आवाज येतो, ते रेकॉर्ड करायचंय. गाणी जोडताना लागतं ते." हे मामांनी ऐकलं नाही. ते कापसाच्या ढिगामागे मघाच लवंडले होते. त्या सगळ्या कल्लोळात, कोण जाणे कसा, वर्षभरात लागला नव्हता असा त्यांचा डोळा लागला होता.

जाग आली तेव्हा पाचही जण त्यांच्याभोवती उभे होते. भाचीने तोंडावर हात दाबून धरला होता. दाढीवाला तर मामांकडे घबाड सापडल्यासारखा बघत होता.

"झालं का?" मामांनी विचारलं.

"झालं, मामा," भाची म्हणाली. "फार छान झालं."

अल्बम इंटरनेटवर आला. गल्लीत त्याचं स्वागत यथातथाच झालं. शेजारच्या केशकर्तनालयवाल्याने अर्धं गाणं ऐकून फोन बिघडलाय का म्हणून विचारलं. भाचीच्या मालकाने ऐकलं आणि तिच्या हातावर घशाच्या गोळ्यांचं पाकीट ठेवलं. पण दूरदूरच्या, कधी न पाहिलेल्या लोकांनी मात्र तो डोक्यावर घेतला. एकाने लांबलचक लिहिलं होतं. भाचीने ते मामांना वाचून दाखवलं. "गिटारना धार आहे, ड्रम बेभान आहेत, गाणारीचा गळा नाही, भट्टी आहे. पण खरा धाक शेवटच्या गाण्यात. सगळी वाद्यं थांबतात आणि अंधारात एक जनावर श्वास घेऊ लागतं. ते कोणाच्या घशातून काढलंय कळत नाही. मी दिवा लावून झोपलो."

मामांना स्वर्ग दोन बोटं उरला. आता गिऱ्हाईक आडवं झालं की मामा सुरू. "आमच्या दुकानात झालंय हे सगळं. त्यात एक जनावर आहे, लोक त्याला टरकतात." काय जनावर, ते त्यांना माहीत नव्हतं. अल्बम त्यांनी अजून ऐकलाच नव्हता.

"मामा, तू आधी एकदा ऐक ना," भाची चाचरत म्हणे.

"ऐकायचं कशाला? माझ्यासमोर झालंय." घरी मामींनाही त्यांनी तीच टेप लावली. "तुला सांगतो, त्या जनावरापुढे तुझं घोरणं म्हणजे बासरी."

मामींनी ताट उचललं आणि त्या आत गेल्या.

शेवटी भाचीनेच पुढच्या सुट्टीला दुकानात सगळ्यांना बोलावलं. मामींच्या हाताला धरून म्हणाली, "मामी, तू हवीसच." मामी शिवण घेऊन आल्या. बँडवाले आले, केशकर्तनालयवाला आला. सगळे गाद्यांवर पाय पसरून बसले. मामा मधोमध, यजमानाच्या थाटात.

गाणी सुरू झाली. केशकर्तनालयवाला पहिल्याच गाण्याला दचकला, मग उशीला टेकून बसला. मामी मान खाली घालून टाके घालत राहिल्या. शेवटचं गाणं आलं तसे बँडवाले एकेक करून जमिनीकडे बघू लागले. वाद्यं थांबली. आणि ते सुरू झालं. खालून, खोल, खरखरत वर चढणारं काहीतरी. मग तुटायचं. मग पुन्हा.

"बघा," मामा कुजबुजले, "काटा आला अंगावर. काय जनावर आणलंय पोरांनी."

"माझ्या ओळखीचं आहे ते," मामी म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नव्हती.

"म्हणजे?"

"आता दोनदा ओढेल. मग थांबेल. इतका वेळ थांबेल की माणूस घाबरून उठून बसतं. आणि मग शिट्टी येईल."

दोनदा ओढलं. थांबलं. केशकर्तनालयवाला उशीवरून उठून बसला. मग स्पीकरमधून एक बारीक, लांब, समाधानी शिट्टी आली.

केशकर्तनालयवाला फसकन हसला. भाचीचा चेहरा रडवेला झाला. "मामा, विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. पण तुझ्या घोरण्याइतकं खरं आमच्यापैकी कोणालाच जमत नव्हतं रे."

'असं कोणीही घोरेल' हे मामांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी मामींकडे पाहिलं. मामी सुईत दोरा ओवत होत्या आणि दोरा काही जात नव्हता. जिंकल्याचा आनंद त्या चेहऱ्यावर नव्हता. मामांना एकदम ती पाहुण्यांची संध्याकाळ आठवली, आपले हातवारे आठवले, आणि त्यांना लाज वाटली. खूप वाटली.

"मीच घोरतो," मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "इतकी वर्षं हिच्यावर ढकलत आलो. चार लोकांत हिचं हसं केलं. चुकलं माझं."

"घोरण्याचं काही नव्हतं हो," मामी हळूच म्हणाल्या. "त्याची सवय झाली होती मला. तुम्ही मला खोटं पाडलंत, ते लागलं."

मामांनी त्यांच्या हातातली सुई घेतली, दोरा ओवून दिला.

माणसं पांगल्यावर मामी म्हणाल्या, "संध्याकाळी माझी उशी बाहेर आणून ठेवा. आत मलाही झोप लागत नाही. फार शांत आहे तिकडे." मग, "जरा पाठ टेकते," म्हणून त्या कापसाच्या गादीवर आडव्या झाल्या. मामा शेजारी बसून टाके घालू लागले. त्यांना फार दिवसांनी बरं वाटत होतं, इतकं बरं की हातातलं काम संपू नये असं वाटावं.

भाची विसरलेली वायर न्यायला परत आली, तेव्हा शटरखालून वाकताना तिला आवाज ऐकू आला. बारीक, लयीत, अधूनमधून घसरणारा. मामा तर जागे होते, सुई त्यांच्या हातात होती. भाचीचे डोळे विस्फारले. तिने मामींकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि हसू दाबत हळूच खिशातून फोन काढला.

"मामा," ती पुटपुटली, "हेही घेऊ?"

मामांनी तिच्या फोनवर हात ठेवला आणि पायाशी सरकलेली चादर मामींच्या अंगावर ओढली.

"नको," ते म्हणाले. "आपल्या घरात घोरणारा एकच आहे."