मागच्या पडवीत गेलेला बाक

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं मागच्या पडवीत बाकावर बसून मटार सोलत होतो. थंडीत जबलपूरला मटार इतका उतरतो की घराघरात हेच काम चालतं. कुंदाच्या डोळ्यांना अलीकडं नीट दिसत नव्हतं, पण हुकूम सोडायची सवय सुटली नव्हती. "अहो, अळीचे दाणे टाकून राहिले की तसेच ठेवून राहिले?" मी म्हटलं, "तुला दिसत नाही तर काहून बोलतेस?" ती म्हणाली, "दिसत नाही म्हणूनच विचारते. दिसत असतं तर पकडलं असतं." तेवढ्यात भांडी घासणारी गेंदा मागच्या दारात येऊन उभी राहिली. गाल सुजलेला. काम झालं होतं, तरी जाईना. "दीदी, एक बात कहनी थी…" कुंदा लगेच म्हणाली, "पहले चाय पी ले." गेंदानं चहा प्यायला, कप विसळला आणि गेली. बात राहिली. हे काही पहिल्यांदा झालं नव्हतं. पण त्या दिवशी कुंदा बराच वेळ हातातली शेंग न सोलता बसली आणि म्हणाली, "उद्या विचारते तिला." मग जरा पडते म्हणून आत गेली. मी चहाला हाक मारायला गेलो तर… ती गेलेली होती. दीड महिना झाला आता. मराठी मंडळाच्या लोकांनी सांगितलं, काका, तिच्याबद्दल तुम्ही लिहा. मी सातवी शिकलेला माणूस. जसं जमेल तसं लिहितो.

आमचं लग्न झालं तेव्हा ती मॅट्रिक होती. पुढं ती शिकत गेली आणि मी होतो तिथंच राहिलो. मी सरकारी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत खरादीवर, म्हणजे लेथवर. घमापूरला भाड्याचं घर, समोर एक खोली, मागं पडवी, एवढाच पसारा. मूलबाळ झालं नाही. ती बी.ए. झाली, वकिलीला बसली, आणि मी घरी भात लावायला शिकलो. माझ्या शेजारच्या मशीनवर शंकर होता, भंडाऱ्याकडचा. आमच्याच गल्लीत राहायचा. तो रोज विचारायचा, "बाळाभाऊ, आज घरच्या कोर्टात काय निकाल लागला? वरण की पिठलं?" सगळी खराद-लाइन हसायची. मला राग येत नसे. बायको कोर्टात उभी राहते याचा मला गर्वच होता, पण तो दाखवायची पद्धत आमच्याकडं नव्हती.

वकिली तिनं समोरच्या खोलीत मांडली. सदर बाजारातून मी एक जुना सागवानी बाक सायकलला आडवा बांधून आणला होता, तो पक्षकारांसाठी. त्यावर बायाच जास्त बसायच्या. कोणाला नवऱ्यानं टाकलेलं, कोणाला दिरानं घराबाहेर काढलेलं. पुरुष वकिलासमोर ज्या बायांच्या तोंडून शब्द निघत नसे, त्या हिच्यासमोर घडाघडा बोलायच्या. तिचा नियम एकच. कोणी येऊन रडायला लागली की ही म्हणायची, "पहले सच बता, रोना बाद में." मराठी असली तर "आधी खरं सांग, मग रड." त्या बायाही हसायच्या कधी कधी, डोळे पुसत. शंकरलाही हे पाठ झालं होतं. भावाशी घराच्या भिंतीवरून भांडण झालं तेव्हा तोही त्या बाकावर बसून सगळं खरं सांगून गेला होता, आणि कुंदानं त्याचं भांडण कोर्टाबाहेरच मिटवलं होतं.

मग एक पोर आली. सासरच्यांनी हात भाजलेले. प्रकरण पोलिसात गेलं, खटला उभा राहिला. आता असा खटला सरकार चालवतं, तिथं आपल्या वकिलाला फारसं काम नाही. कुंदा कोर्टात मागच्या बाकड्यावर बसून ऐकायची. सरकारी वकील होते त्यांना पोरीचं नावही धड येत नव्हतं. साक्षीदार फुटले, यांनी उलटून एक प्रश्न विचारला नाही. सगळे सुटले. ती घरी आली, जेवली नाही. म्हणाली, "अहो, भाजलेल्या बाईचा वकील कोण? सरकार. आणि सरकारच्या बाजूनं नीट बोलायला माणूस नाही. मी जाते तिकडं." मी म्हटलं, "मग ही समोरच्या बाकावरची माणसं?" "त्यांना दुसरे वकील मिळतील." "तुझ्यासारखे?" ती अर्ज लिहायला बसली. मला ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण तिचं म्हणणं खोटं होतं असंही मला म्हणता येत नाही. सरकारी वकिलाची नोकरी लागली. खाजगी काम बंद, घरी सल्ला देणं बंद. बाक मी उचलून मागच्या पडवीत नेऊन ठेवला. समोरचं दार आम्ही उघडेनासेच झालो. येणं-जाणं मागून. माणसं काही दिवस पुढचं दार वाजवत राहिली, मग वाजवेनाशी झाली.

एकाहत्तरची लढाई आली. काचांना काळे कागद, फॅक्टरीत दोन-दोन पाळ्या, जेवायलाही मशीन सोडत नव्हतो. ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या दारात अख्खी गल्ली. आणि अशात शंकर फॅक्टरीच्या फाटकावर पकडला गेला. डब्यात पितळेचे तुकडे निघाले. कोणी ठेवले मला माहीत नाही, असं तो पोलिसांना म्हणाला. जामिनावर सुटला आणि पुढच्या रविवारी आमच्याकडं आला. मागच्या दारानं. कुंदा पडवीत तांदूळ निवडत होती, मी आत चूल पेटवत होतो, मधे नुसता पडदा. तो बाकावर बसला. बाक तोच, बाई तीच. त्याला वाटलं, नियमही तोच.

"वहिनी, तुमच्यापासून काही लपवून नाही राहिलो. मीच ठेवलं डब्यात. रेडिओ घ्यायचा होता. पोरं लोकांच्या दारात उभी राहून बातम्या ऐकतात, बरं नाही दिसत…"

तो बोलत गेला आणि ती ऐकत गेली. मग सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"शंकरभाऊ, थांबा. हे मला नका सांगू. मी आता तुमची वकील नाही, मी समोरची आहे, सरकारची."

तो हसला. खरंच हसला. "समोरच्या कशा, वहिनी? तुम्ही तर आपल्या. सरकारात आपलं माणूस बसलं, हे तर चांगलंच झालं ना!"

ती उठून आत आली. शंकर मागच्या दारानं निघून गेला.

तो खटला तिच्याच टेबलावर यायचा होता. दुसऱ्या दिवशी तिनं मोठ्या सरकारी वकीलसाहेबांना सांगितलं, या माणसाशी आमचा घरोबा आहे, हा खटला माझ्याकडं नको. एवढंच सांगितलं. जे ऐकलं त्यातला एक शब्द तिनं कुठं काढला नाही. खटला दुसऱ्याकडं गेला. लढाईचे दिवस, फॅक्टरीतली चोरी, कोण दया दाखवणार? शंकरला शिक्षा झाली, नोकरी गेली. त्याची बायको पोरांना घेऊन भंडाऱ्याला निघून गेली. आणि गल्लीत एकच बोललं गेलं… वकीलबाईनं पोटात शिरून सगळं काढून घेतलं आणि कोर्टात दिलं. सुटून आल्यावर शंकर मला कमानिया गेटजवळ भेटला. मी हात धरला, म्हटलं, "शंकर, तिनं काही सांगितलं नाही. मी शपथ घेतो." तो म्हणाला, "तर मग मला सजा त्या पितळेनं दिली?" हात सोडवून गर्दीत गेला. नंतर कधी दिसला नाही.

मी घरी येऊन कुंदाला म्हटलं, तू स्वतः जा, त्याला सांग. ती म्हणाली, "काय सांगू? सांगितलं नाही हे सांगायचं, तर काय सांगितलं नाही तेही सांगावं लागतं. गल्लीला दोन्ही कळेल, त्यानं माझ्याजवळ कबूल केलेलंही." म्हणून गेली नाही. पण तिला ती गोष्ट सोडत नव्हती. किती वर्षांनी एकदा भाजी चिरताना एकदम म्हणाली, "मी त्याला थांबवायला उशीर केला हो. नोकरी सरकारची झाली होती, कान तेवढा जुनाच राहिला."

त्यानंतर तिनं कान बंदच करून घेतले. सरकारी कामात तिनं नाव काढलं. बायांना जाळणारे, मारणारे तिनं आत पाठवले, तिच्या हाताखाली पोरी शिकून तयार झाल्या. त्यात ती खरी निघाली, मी हरलो. पण घरी कोणीही आलं, नात्यातलं, गल्लीतलं, तर त्याचं तोंड उघडायच्या आत ही म्हणायची, "आधी चहा घ्या. कामाचं बोलू नका." निवृत्त झाली तरी तेच. मी म्हणायचो, "आता तू कोणाचीच नाहीस. ना इकडची ना तिकडची. बाक पुढं आणू का?" ती म्हणायची, "राहू द्या. आता कोण येतंय?" येत होते. गेंदा येतच होती ना. ज्या बाईला शंभर बाया सगळं सांगून जायच्या, तिला शेवटी कोणी काही सांगेनासं झालं. आणि माणसांचं ऐकणं हाच तर तिचा श्वास होता. मी पाहत होतो.

ती गेली त्या संध्याकाळी नर्मदेच्या ग्वारीघाटावर अंत्यसंस्कार उरकले. दुसऱ्या दिवशी सकाळी, खबर ऐकून आलेला माझा पुतण्या म्हणाला, "काका, लोक बसायला येतील, खुर्च्या मागवू?" मी म्हटलं, थांब. आम्ही दोघांनी बाक मागून उचलला आणि समोरच्या खोलीत आणला, होता त्याच भिंतीला लावला. समोरच्या दाराची कडी गंजून बसली होती. हातोडीनं ठोकून उघडली. धूळ पुसली. पडवीत कालच्या शेंगा तशाच होत्या, त्याही आणून ठेवल्या.

गेंदा मागच्या दारानं आली. पदर तोंडाला लावून रडत होती. गाल अजून सुजलेलाच. मी तिला पुढच्या खोलीत बोलावलं. ती खाली बसायला लागली, मी म्हटलं, "नीचे नहीं. बेंच पर बैठ."

ती टेकली. पुतण्या चहा घेऊन आला, मी त्याला हातानं थांबवलं. "चाय बाद में। दीदी आज तुझसे पूछने वाली थी। पहले सच बता, रोना बाद में।"

तिनं पदरानं डोळे पुसले. मग बोलायला लागली. नवऱ्याचं, दिराचं, सगळं. मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही. मी तिला मधे थांबवलं नाही.

कुंदाच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आता कोर्टात सरकारी वकील आहे. पुतण्या म्हणाला, "काका, सुतक आहे, आज कुठं निघालात?" मी टोपी घातली, चपला पायात अडकवल्या आणि गेंदाला घेऊन समोरच्या दारानं बाहेर पडलो.